मिनी घोडीला कोणता घोडा लावावा: निळ्या डोळ्यांचा की ठिपकेवाला?

खरारा (धागाकर्ता, कोल्हापूर)

मिनिएचर घोडी आहे, वय ६, उंची ३३ इंच (आयाळीच्या शेवटच्या केसापाशी मोजलेली). अंग चॉकलेटी, त्यावर फिकट गोल चट्टे. आयाळ आणि शेपूट चंदेरी. पाठीवरून दोन्ही अंगांना उतरणारे पांढरे पट्टे, चारी पाय पांढरे, तोंडावर फक्त चांद.

घोडे दोन समोर आहेत.

पहिला: सुरंग, म्हणजे लाल. कुशीवर आणि मानेवर फाटक्या कडांचे पांढरे डाग, पण पाठीचा कणा मानेपासून शेपटीपर्यंत लाल. पाय लालच. तोंड जवळजवळ सगळं पांढरं, दोन्ही डोळे निळे. ३२ इंच.

दुसरा: पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, अगदी चित्त्यासारखा. ३४ इंच.

दोन्हीकडून एकच जाहिरात, "रंगीत शिंगरू, शंभर टक्के गॅरंटी". चाचणीचा कागद कोणाकडेच नाही, घोडीचाही नाही. कोणत्या घोड्याला प्राधान्य द्यावं? आणि चाचण्या करायच्या तर आधी कोणत्या? सगळ्याच केल्या तर खर्च बराच होतो.

दुडकी

भावा, अकरा महिन्यांनी शिंगरू पडलं की रंग दिसतोयच की. तंवर कशाला डोस्क्याला ताप?

पेशीवाचक

अकरा महिन्यांनी रंग दिसेल हे खरं, पण शिंगरू चौथ्या दिवशी जिवंत असेल का हे आज ठरतंय.

पहिल्या घोड्याचं वर्णन फ्रेम ओव्हेरोचं आहे: पांढरं कण्यावरून जात नाही, डाग आडवे, कडा फाटक्या, पाय गडद, तोंड पांढरं. फ्रेमला जबाबदार जनुक ईडीएनआरबी. त्यातला दोष १९९८ साली सापडला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोषाची एक प्रत असली की जनावर सुंदर दिसतं आणि ठणठणीत असतं. दोन प्रती आल्या की शिंगरू पूर्ण पांढरं जन्मतं आणि त्याच्या मोठ्या आतड्यात मज्जापेशींची गाठोडीच नसतात. भ्रूणात कातडीतल्या रंगपेशी आणि आतड्यातल्या या मज्जापेशी एकाच उगमातून निघतात, आणि दोघींच्या प्रवासाला हेच जनुक लागतं. म्हणून एकाच दोषात रंगही जातो आणि आतडंही. अशा शिंगराची लीद पुढे सरकत नाही, पोट फुगतं, काही तासांत कळा सुरू होतात. उपाय नाही.

गणित सोपं आहे. दोघंही धारक (दोषाची एक प्रत असलेले) असतील तर प्रत्येक वेळी २५ टक्के मरणारं शिंगरू, ५० टक्के धारक, २५ टक्के मोकळं. एकच धारक असेल तर निम्मी शिंगरं धारक, मरणारं एकही नाही.

आता तुम्ही म्हणाल घोडीत फ्रेम दिसत नाही. इथंच लोक फसतात. घोडीचे पट्टे टोबियानोचे (पाठीवरून खाली उतरणारं पांढरं देणारं वेगळं जनुक) आहेत, आणि टोबियानोच्या पांढऱ्याखाली फ्रेम बिनबोभाट लपते. त्यात काही फ्रेमधारकांच्या अंगावर कपाळावरच्या चांदापलीकडे पांढरं नसतंच. तेव्हा पहिला घोडा लावायचा असेल तर घोडीची फ्रेम चाचणी आधी. ती एकच चाचणी पैसे वाचवते: घोडी मोकळी निघाली तर घोडा धारक असला तरी मरणारं शिंगरू होत नाही.

कटवाली_मिसळ

दोन शंका. निळ्या डोळ्यांचं जनावर अधू असतं म्हणून बाजारात टाळतात, ते खरं का? आणि दोन अबलख एकमेकांना लावले की पांढरं मरतुकडं होतं असं सर्रास बोलतात.

पेशीवाचक

@कटवाली_मिसळ, निळ्या डोळ्यात बुबुळाचा रंग कमी असतो, नजर कमी नसते. उन्हात किलकिले करतील एवढंच. निळा डोळा फ्रेममुळे येतो, स्प्लॅश नावाच्या दुसऱ्या पांढरं देणाऱ्या जनुकामुळे येतो, रंग फिका करणाऱ्या क्रीम जनुकाच्या दोन प्रतींमुळेही येतो. त्यावरून जनुक ओळखायला जाऊ नये.

दुसरी शंका: टोबियानो गुणिले टोबियानो पूर्ण सुरक्षित आहे. दोन प्रती आल्या तर ते जनावर पुढे प्रत्येक शिंगराला टोबियानो देतं, बाकी काही नाही. धोका फक्त फ्रेम गुणिले फ्रेममध्ये. बाजारात सगळ्या पांढऱ्या-रंगीत मिश्रणाला अबलखच म्हणतात, म्हणून एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी जातो.

पागेवाला

यात भर. "पांढऱ्या पट्ट्यात छोटे रंगीत शिंतोडे दिसले की घोडी दोन प्रतींची टोबियानो" हे विक्रेत्यांचं आवडतं वाक्य. दोन प्रतींच्या जनावरांत असे शिंतोडे जास्त दिसतात, पण एका प्रतीच्या जनावरांतही दिसतात. शिंतोड्यांवर जादा पैसे देऊ नका.

डॉ_खूर (पशुवैद्यक)

पांढरं शिंगरू पडलं की घाबरून लगेच इंजेक्शन मागणारे मालक असतात, म्हणून लिहितो. पूर्ण पांढरं शिंगरू म्हणजे फ्रेमचंच असं नाही. सबिनो-१ च्या दोन प्रती, क्रीमच्या दोन प्रती, डॉमिनंट व्हाइट, ठिपक्यांच्या जनुकाच्या दोन प्रती, किंवा टोबियानो, स्प्लॅश आणि आणखी एखादं असं साचलेलं पांढरं, यांतलं काहीही असू शकतं. ती सगळी जगतात.

बघायचं ते असं. पहिली लीद काळी, चिकट, डिंकासारखी असते. शिंगरू दूध पिऊ लागलं की ती साधारण पहिल्या अर्ध्या दिवसात बाहेर पडायला हवी आणि मागोमाग पिवळसर मऊ लीद यायला हवी. पिवळी लीद आली म्हणजे आतडं चालतंय, फ्रेमचा प्रश्न मिटला. काळीच अडकली असेल तर आधी कोमट पाण्याचा हलका एनिमा. मिनी शिंगरात लीद अडकणं तसंही नेहमीचं आहे. एनिमानंतरही काही येत नाही, पोट फुगतंय, शिंगरू लोळतंय आणि आई-बाप दोघंही फ्रेमधारक असल्याचं माहीत आहे, तर त्याला तीन दिवस हाल काढायला लावू नये.

मिनीचं आणखी एक. डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, वेत अडण्याचं प्रमाण मोठ्या घोड्यांपेक्षा जास्त. पाणमोट फुटल्यापासून अर्ध्या तासात शिंगरू बाहेर हवं. दहा मिनिटांत पाय आणि नाक दिसत नसेल तर फोन लावा, वाट बघू नका. आणि पांढऱ्या-निळसर पडद्याऐवजी आधी लाल मखमली पिशवी दिसली तर ती तिथल्या तिथे फाडायची. वार आधी सुटलेली असते, आत शिंगराला हवा नसते.

रिकीब

रंगाकडे येऊ. घोडी सिल्व्हर दिसते. हे जनुक पीएमईएल. ते फक्त काळ्या रंगावर चालतं: अंगाचा काळा चॉकलेटी होतो, आयाळ-शेपटीचा काळा चंदेरी. लाल रंगावर काहीच करत नाही. म्हणजे लाल घोड्यात सिल्व्हर असेल तर ते अजिबात दिसणार नाही. तुमचा पहिला घोडा लाल आहे.

हे एवढ्यासाठी महत्त्वाचं की सिल्व्हरला डोळ्यांचा दोष जोडलेला आहे. एक प्रत असली तर बहुतेक वेळा डोळ्याच्या आत गळवासारख्या पिशव्या, नजरेवर फारसा परिणाम नाही. दोन प्रती असल्या तर पारदर्शक पडदा पुढे फुगलेला, बाहुली बारीक आणि औषधानेही नीट न पसरणारी, कधी मोतीबिंदू, कधी पडद्याला चिकटलेलं बुबुळ. वयानुसार वाढत नाही, पण जन्मतःच असतं. घोडी एका प्रतीची आणि घोडा छुप्या एका प्रतीचा असेल तर २५ टक्के शिंगरं दोन प्रतींची. त्यातलं एखादं लाल पडलं तर रंगावरून शंकासुद्धा येणार नाही, डोळे मात्र बिघडलेले.

तेव्हा पहिल्या घोड्यासाठी फ्रेमच्या बरोबरीने सिल्व्हरची चाचणीही.

डॉ_खूर

@रिकीब, बरोबर. घोडीचे डोळे आत्ताच तपासून घ्या. अंधाऱ्या पागेत एक टक्का ट्रोपिकामाइडचा थेंब, वीस-तीस मिनिटं थांबायचं. बाहुली पूर्ण उघडली नाही तर घोडी दोन प्रतींची असण्याची शक्यता मोठी. बाजूने उजेड धरून पडद्याचा फुगवटाही बघायचा. मात्र चाचणीची जागा हे घेत नाही.

सायली_पन्हाळा

सिल्व्हर की नुसती पिवळट आयाळ, हे मोठ्या जनावरात कसं ओळखायचं? लाल घोड्यांनाही पांढरी आयाळ असतेच.

रिकीब

पाय बघायचे. पायांचा खालचा भाग आणि कानांच्या कडा काळपट-चॉकलेटी असतील तर काळा रंग आहे आणि त्यावर सिल्व्हर आहे. पायही लाल-पिवळट तर ते लालच. या धाग्यातल्या घोडीचे पाय टोबियानोने पांढरे केलेत, म्हणून कानांच्या कडा.

शिंगरात सोपं असतं. सिल्व्हर शिंगराच्या पापण्यांचे केस पांढरे असतात आणि खुरांवर वरून खाली निमुळत्या होत जाणाऱ्या उभ्या रेघा असतात. वर्षभरात जातात. गोची अशी की ठिपक्यांच्या जनुकानेही खुरांवर उभ्या रेघा येतात, आणि त्या कायम राहतात. दुसरा घोडा लावला तर खुरांवरून निदान करत बसू नका.

दुडकी

मिनीवर नवरदेव बसवला तर वरात लय भारी निघंल. पाय जमिनीला, घोडं मध्ये. नवरदेवच घोड्याला घेऊन चालतोय.

पागेवाला

हसण्यावारी नेतोय, पण रंकाळ्यावर पोरं बसवून फेऱ्या मारायला मिनी घ्यावा का असा प्रश्न येतोच. शंभर किलोच्या जनावरावर वीस किलोच्या वर बसवू नये. चार वर्षांचं सडपातळ पोर, तेही थोडा वेळ. गाडी ओढायला मात्र हे जनावर चांगलं.

रिकीब

सिल्व्हर आणि टोबियानो दोन्ही असलेलं शिंगरू हवं असेल तर एक बारकावा. पुस्तकी गणिताने शक्यता १/८ येते: काळा रंग यायचा १/२, टोबियानो यायचा १/२, सिल्व्हर यायचं १/२ (घोडी प्रत्येकाच्या एकाच प्रतीची आणि घोडा लाल, बिनटोबियानो, बिनसिल्व्हर धरून). पण काळा-लाल ठरवणारं जनुक आणि टोबियानो दोन्ही तिसऱ्या गुणसूत्रावर आहेत. टोबियानो म्हणजे त्या गुणसूत्राचा जवळपास एक तृतीयांश भाग उलटा बसलेला. उलट्या तुकड्यात सुलट्याशी अदलाबदल नीट होत नाही, त्यामुळे शेजारी असलेला काळा किंवा लाल रंग टोबियानोबरोबरच जोडीने पुढे जातो.

घोडीत काळा आणि टोबियानो एकाच गुणसूत्रावर असतील तर शक्यता १/८ वरून जवळजवळ १/४ वर जाते. वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असतील तर शून्याच्या आसपास येते: काळी शिंगरं बिनपट्ट्यांची, पट्ट्यांची शिंगरं लाल. सिल्व्हर सहाव्या गुणसूत्रावर आहे, ते स्वतंत्र फिरतं.

हे चाचणीत दिसत नाही, आई-बापावरून काढावं लागतं. घोडीला टोबियानो ज्याच्याकडून आला तो पालक लाल असेल तर टोबियानो लाल रंगाशी बांधलेला. तो पालक काळ्याच्या दोन प्रतींचा असेल तर काळ्याशी. घोडीच काळ्याच्या दोन प्रतींची असेल तर प्रश्नच नाही, सगळ्या शिंगरांचा मूळ रंग काळाच.

कटवाली_मिसळ

हे दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मिसळ खाऊन वाचतो.

खरारा

@रिकीब, घोडीची आई लाल-पांढरी पट्ट्यांची होती, बाप काळपट बिनपट्ट्यांचा, आयाळ फिकट. फोटो आहेत.

रिकीब

मग घोडीला लाल आणि टोबियानो आईकडून, काळा आणि बहुधा सिल्व्हर बापाकडून. लाल घोड्याबरोबर सिल्व्हर-टोबियानो शिंगरू जवळपास विसरा. पहिल्या घोड्याच्या मालकाची गॅरंटी "रंगीत" शब्दापुरतीच.

दुसरा घोडा काळ्याच्या दोन प्रतींचा निघाला तर गोष्ट वेगळी. मग काळा त्याच्याकडून येईलच, घोडीने टोबियानो (लाल रंगासकट) दिला तरी चालतं.

ठिपका

शेवटी दुसऱ्या घोड्याकडे कोणीतरी आलं.

ठिपक्यांचं मुख्य जनुक टीआरपीएम१, जोर त्याचाच. २०१३ साली त्यात १,३७८ अक्षरांचा एक घुसखोर तुकडा सापडला. हे जनुक एकटं असेल तर कातडीवर चट्टे, खुरांवर रेघा, बुबुळाभोवती पांढरं, आणि वयाबरोबर अंगात पांढरे केस मिसळत जाणं. अख्ख्या अंगाला पांढरं करून त्यावर ठिपके उमटवायला दुसरं जनुक लागतं, ते पॅटर्न-१, टोबियानोसारखंच तिसऱ्या गुणसूत्रावर. मुख्य जनुकाची एक प्रत आणि पॅटर्न-१ मिळून चित्ता. मुख्य जनुकाच्या दोन प्रती आणि पॅटर्न-१ मिळून जवळजवळ पांढरं, मोजके ठिपके. दोन प्रती पण पॅटर्न-१ नाही, तर कधीकधी गडद अंग आणि पुठ्ठ्यावर ठिपके नसलेली पांढरी चादर.

तुमच्या घोड्याला ठसठशीत भरपूर ठिपके आहेत, म्हणजे मुख्य जनुकाची एकच प्रत असणार. निम्म्या शिंगरांना ते मिळणारच नाही. पॅटर्न-१ एकच प्रत असेल तर खरा चित्ता चारात एक. "शंभर टक्के" कुठून आलं?

जमेची बाजू अशी. मुख्य जनुकाच्या दोन प्रती असलेली जनावरं जन्मतः रातांधळी असतात, कारण डोळ्यातल्या त्याच जनुकाचं काम बंद पडतं. दिवसा ठीक, संध्याकाळी अडखळतात, अनोळखी जागी भिंतीला घासतात. तुमच्या घोडीत ठिपक्यांचं काही नसेल तर तिचं शिंगरू दोन प्रतींचं होऊच शकत नाही. म्हणजे या बाबतीत हा घोडा सुरक्षित.

आणि रूपाचं म्हणाल तर टोबियानोचं पांढरं ठिपके गिळतं. घोडीचे पट्टे आणि घोड्याचे ठिपके दोन्ही आले तर निम्मे ठिपके पांढऱ्यात गायब. वर सिल्व्हर आलं तर उरलेले ठिपके काळे न राहता चॉकलेटी. ठसठशीत चित्ता हवा असेल तर बिनपट्ट्यांची, बिनसिल्व्हर घोडी हवी. ही घोडी त्या कामाची नाही, हे माझं स्पष्ट मत.

सायली_पन्हाळा

@ठिपका, "घोडीत ठिपक्यांचं काही नसेल तर" हे कसं ठरवायचं? पांढऱ्या पायांचे खूर तसेही फिकट, रेघा दिसणार कशा?

ठिपका

ओठ, गुदद्वाराभोवतीची कातडी आणि शेपटीखाली बघा. गुलाबीत काळे छोटे चट्टे मिसळलेले असतील तर संशय. पण पट्टेवाल्या जनावरात नाकाची गुलाबी कातडी फसवते, म्हणून शेपटीखालची बघायची. संशय आला तर ठिपक्यांची चाचणी. नाही आला तर पैसे वाचवा. ठिपक्यांच्या जनावरांत डोळ्याची वारंवार येणारी आतली सूजही बघायची. डोळा लाल, पाणावलेला, मिटलेला दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी नाही.

आयाळ_शेपूट

सगळे रंगातच अडकलेत. मिनीत पहिली चाचणी रंगाची नसते, बुटकेपणाची असते. अ‍ॅग्रिकॅन नावाच्या प्रथिनाचं जनुक, त्यातले चार दोष ओळखता येतात, डी१ ते डी४. एक प्रत असलेलं जनावर दिसायला नेहमीसारखं. कोणत्याही दोन एकत्र आल्या, एकाच प्रकारच्या असोत की वेगवेगळ्या, तर फुगलेलं कपाळ, पुढे आलेला खालचा जबडा, वाकडे पाय, आखूड मान, श्वासाला त्रास. डी१ च्या दोन प्रती असतील तर गर्भच टिकत नाही, आणि मालकाला वाटतं घोडी फळलीच नाही.

३२ इंची घोडा ३३ इंची घोडीला लावणाऱ्याने ही चाचणी केलीच पाहिजे.

पागेवाला

विषयांतर. धागा रंगाचा आहे.

आयाळ_शेपूट

धागाकर्त्याने विचारलंय, "चाचण्या आधी कोणत्या?" उत्तर विषयातलंच आहे. अमेरिकेतल्या मुख्य मिनी संघटनेची मर्यादा ३४ इंच. त्या रेषेच्या आत जितकं लहान तितकं भारी, या नादात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला जातो. रंगाचं काय, न आवडलेल्या रंगाचं शिंगरू गवत खातं आणि धावतं.

पागेवाला

ठीक. मान्य.

हळदी_कुंकू

देवमण आणि बाकीचे भोवरे कोणी बघत नाही का आता? घोडी घेताना आधी भोवरे, मग बाकीचं.

दुडकी

भोवऱ्याची चाचणी अजून निघाली नाही. निघंल तवा कोल्हापुरातच पहिली होईल.

गूळ_आणि_वाडं

गाभण मिनी घोडीबद्दल एक, आपल्या भागापुरतं. ऊसतोडीच्या दिवसांत वाडं (उसाचे हिरवे शेंडे) फुकट मिळतं म्हणून मिनीपुढे भारे टाकू नका. साखर जास्त, जनावर लहान, लवकर लठ्ठ होतं आणि खुरांच्या आतल्या पडद्याला सूज येते. जनावर पुढच्या पायांवर भार टाकायचं टाळतं, मागच्या पायांवर रेलून उभं राहतं. गूळ तर नकोच. उलट टोकही वाईट: गाभण मिनी लठ्ठ आहे म्हणून उपाशी ठेवली की अंगातली चरबी रक्तात उतरते, दूध दिसेल असं रक्त होतं, यकृत बसतं. सुकं गवत वजन करून, दिवसाला अंगाच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के, दोन-तीन वेळा विभागून.

सायली_पन्हाळा

आणि पांढऱ्या पायांचं पावसाळ्यात काय?

डॉ_खूर

आपल्याकडे जून ते सप्टेंबर पागेत ओल असतेच. पांढऱ्या पायांची कातडी गुलाबी, टाचेच्या वरच्या खोबणीत आधी खपल्या तिथेच धरतात. पाय रोज धुण्यापेक्षा रोज कोरडे ठेवणं महत्त्वाचं. धुतले तर फडक्याने पूर्ण टिपायचे, तिथले लांब केस कापायचे. खपल्या कोरड्या असताना ओढून काढायच्या नाहीत. उन्हाळ्यात गुलाबी नाकावर झिंक ऑक्साइडचं मलम. डोळ्याभोवती गुलाबी कातडी असेल तर तिथल्या बऱ्या न होणाऱ्या छोट्या जखमेकडे दुर्लक्ष नको, कर्करोगाची जागा आहे ती.

दुसरा घोडा असो की पहिला, जनावर एकमेकांच्या पागेत नेण्याआधी ग्लँडर्स या जिवाणूजन्य रोगाचा आणि संसर्गजन्य रक्तक्षयाचा अहवाल दोन्ही बाजूंनी हवा. ग्लँडर्स माणसाला होतो आणि सापडला तर कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

मखमल

"दुर्मिळ" रंगाच्या भावाबद्दल कोणीच बोललं नाही. मिनीत सध्या मशरूमचं नाव घेऊन जास्त पैसे मागतात. लाल रंगावरचा हा राखाडी-मातकट छटेचा प्रकार, जनुक एमएफएसडी१२, शेटलंडमधून आलेला. दोन प्रती लागतात आणि फक्त लाल जनावरात दिसतो. म्हणजे एका प्रतीचा घोडा "मशरूमधारक" म्हणून विकला तरी शिंगरात तो रंग दिसायला घोडीही धारक हवी आणि शिंगरू लालही पडायला हवं. घोडी धारक नसेल तर ते जादा पैसे पाण्यात.

जे दुर्मिळ म्हणून विकलं जातं ते बऱ्याचदा चार साध्या जनुकांची एक-एक प्रत एका अंगावर साचलेली असते. पुढच्या पिढीत ती पुन्हा विखुरते. फोटोसारखं शिंगरू मिळत नाही, मग मालक घोड्याला दोष देतात.

आणि फोटोंचं सांगायचं तर केस कापलेल्या मिनीचा रंग खरा धरू नका. हिवाळी लोकरीखालचा कापलेला रंग बराच फिकट दिसतो. काळा मिनी कापला की उंदरासारखा राखाडी. शिवाय उन्हाने काळ्या केसांची टोकं तांबूस होतात. कोपराच्या मागचे केस उलटे करून मुळाशी बघा.

पागेवाला

@मखमल, पांढरा होत जाणारा सब्जाही सांगा. शिंगरू गडद जन्मतं, डोळ्याभोवती चष्म्यासारखे पांढरे केस दिसतात, आणि काही वर्षांत पट्टे, सिल्व्हर, सगळं पांढऱ्याखाली जातं. एकच प्रत पुरते. रंगासाठी पैसे मोजणाऱ्याने सब्जा घोडा लावू नये. वर म्हातारपणी शेपटीखाली काळ्या गाठी.

खरारा

सगळ्यांचे आभार. पहिल्या घोड्याचा मालक केसांचा नमुना द्यायला तयार नाही, "दिसतंय की सगळं" म्हणतो. दुसऱ्याचा तयार आहे. घोडीचा बुटकेपणा, सिल्व्हर, फ्रेम आणि काळा-लाल. दुसऱ्या घोड्याचा बुटकेपणा, सिल्व्हर, काळा-लाल, असं पाठवतोय. फ्रेम दुसऱ्याची करू का?

पेशीवाचक

आधी घोडीचा निकाल येऊ द्या. ती मोकळी असेल तर घोड्याची नको. ती धारक निघाली तर करा, कारण ठिपकेवाल्याच्या पांढऱ्याखालीही फ्रेम दिसत नाही. नमुना शिल्लक ठेवायला सांगा, बहुतेक प्रयोगशाळा त्याच केसांवर नंतर चाचणी वाढवून देतात.

नमुना घेताना आयाळ किंवा शेपटीचे २० ते ३० केस बोटाला गुंडाळून मुळाजवळ धरून झटक्यात उपटायचे. कात्रीने कापलेले चालत नाहीत. डीएनए मुळाशी असलेल्या बारीक पांढऱ्या गाठीत असतो, ती दिसली पाहिजे. केस कोरडे हवेत. प्लास्टिकची बंद पिशवी नको, आत दमट होऊन बुरशी येते. कागदी पाकीट, एका पाकिटात एकच जनावर, वर नाव, जन्मसाल, नर-मादी. परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचं असेल तर कुरियरवाल्याला आधी विचारा, प्राण्यांचे नमुने सगळे घेत नाहीत.

सायली_पन्हाळा

पुढे शिंगराचा नमुना घ्यायचा झाला तर? त्याच्या शेपटीला केस कुठे असतात.

पेशीवाचक

शिंगराच्या केसांची मुळं फार बारीक असतात, म्हणून ४० तरी घ्या, शेपटीच्या टोकापेक्षा बुडाशी. आणि घेण्याआधी शिंगराला कोरड्या ब्रशने झाडून घ्या. आईला घासून घासून तिचे केस त्याच्या अंगावर चिकटलेले असतात. तेच पाकिटात गेले तर अहवाल दोघांची खिचडी होऊन येतो, आणि प्रयोगशाळा दुसरा नमुना मागते.